चाळीस हात बांध

श्रीवर्धन,
१८ मार्च २०२४

प्रिय जीवन,

तुझा फोटो पोचला. पोस्टमनने पाकीट बाहेरून चाचपलं आणि लग्नपत्रिका आहे का म्हणून विचारलं. मी म्हटलं, साधारण तसंच. बावन्नाव्या वर्षी आमच्या मित्राने नवा संसार मांडलाय.

फोटोत तू नखशिखांत लाल आहेस, बगलेत शिरस्त्राण आहे, मागे तुझी जुनी एस्टीम आणि तिच्या दारावर सत्तावीसचा आकडा. हातातला चषक आमच्याकडच्या फुलपात्राहून बोटभर मोठा असावा. वल्लरीने फोटो बराच वेळ पाहिला आणि विचारलं, हे भावोजी आगीच्या बंबावर कधी लागले?

खर्चाची यादी वाचली. शर्यतीचं लायसन, डॉक्टरचा दाखला, गाडीच्या आत लोखंडी पिंजरा, पाच ठिकाणी आवळणारा पट्टा, आगीत न जळणारा अंगरखा आणि (हे मी दोनदा वाचलं) आगीत न जळणारे आतले कपडे. म्हणजे सोवळंच की. ते नेसल्याशिवाय गाभाऱ्यात प्रवेश नाही, नेसल्यावर कुणाला शिवायचं नाही, आणि प्रदक्षिणा घालून निघालो तिथेच परत यायचं. आमच्या घराण्याने चार पिढ्या हेच केलं, पण आम्हाला निदान शिधा मिळत असे. तुमच्यात शिधा यजमानानेच आणायचा, दक्षिणा त्यानेच द्यायची, आणि टायर एका दिवसात संपतात ते वेगळंच.

फोन का करत नाहीस, असं विचारतोस. फोनवर तू कायम दुसऱ्याच कुणाशी बोलत असतोस. ड्रायव्हरशी, टोलवाल्याशी, कंटेनर सोडणाऱ्याशी. पत्रात निदान एकटा सापडतोस. शिवाय शाळेत तुझे संस्कृतचे निबंध मी लिहिले, त्याची थोडी फेड मराठीत होऊ दे.

तुझ्या तुळशीवहिनींनी यंदाही कोपरखारहून तांदळाचं पोतं धाडलं. खाडीचं पाणी अडवून केलेल्या त्या खारीत आजोबांच्या खोतकीतला दीड एकर तेवढा माझ्या नावावर उरला. त्यात नांगर धरतात वहिनी, लावणी करतात वहिनी, त्या दीड एकराच्या वाट्याला येणारा चाळीस हात बांध दर उन्हाळ्यात चिखलाने लिंपतात वहिनी, आणि पोतं मला. तुझा भाऊ गेल्यावर तरी हे थांबवा म्हणून मी सांगून पाहिलं. ऐकत नाहीत. मीही फार जोर लावून सांगितलं नाही, कारण तांदूळ चांगला असतो.

तुझा,
देवदत्त

---

जासई,
२ एप्रिल

प्रिय देवा,

तुझं पत्र ऑफिसात मोठ्याने वाचलं. सोवळ्यावर सगळे हसले. आमचा अकाउंटंट तर दोन दिवस मला शिवत नव्हता.

पण खरं सांगू का, तू बाहेरून बघतोस. माझे बावीस ट्रेलर आहेत. सकाळी सहाला फोन चालू होतो. ह्याचा टायर गेला, त्याला आरटीओने धरला, तिसऱ्याची गाडी पोर्टात अडकली. गाडीत बसून पट्टा आवळला की फोन बाहेर राहतो. दोन मिनिटं अकरा सेकंद. तेवढा वेळ मी कुणाचा शेठ नाय, कुणाचा बाप नाय, कुणाचा दीर नाय. ह्याला जे काय पडतं ते मी देतो. लोक दारूला देतात.

आता काम ऐक. आमच्या क्लबला जागा मिळत नाही. क्लब म्हणजे काय, आम्हीच चाळीस येडे, वर्गणी काढून चालवतो. भाडं भरून मैदान घ्यायची ऐपत नाही. मी म्हटलं, आमची कोपरखारची खार मे महिन्यात वाळून टणक होते, दगड नाही, झाड नाही. १८ आणि १९ मेला तिथे ऑटोक्रॉस घेऊ. म्हणजे मातीवर खुणा लावून रस्ता आखायचा, एका वेळी एकच गाडी सोडायची, स्पर्धा घड्याळाशी.

गावकी तयार आहे, पण सगळ्या खातेदारांच्या सह्या पाहिजेत. कागद सोबत आहे. तुझी सही पहिली कर. खोताच्या घरची सही वर दिसली की खालच्या आपोआप येतात, तुला काय सांगायचं.

बंदराचा रस्ता बांधाच्या बाहेरून जातो. गाड्या आत उतरवायला बांध दहा-बारा हात कापावा लागेल. तो तुझ्या वाट्यात कापू, तिथे सोपं पडतं. ते दिवस भांगाचे आहेत, भरतीचं पाणी बांधाला लागतसुद्धा नाही. कार्यक्रम झाला की होता तसा करून देतो. जबाबदारी माझी.

तुझाच,
जीवन

---

श्रीवर्धन,
९ एप्रिल, पाडवा

प्रिय जीवन,

सही करून कागद परत पाठवतो आहे. वर ‘सम्मतम्’ असं ठसठशीत लिहिलंय. गावकीला तो मंत्र वाटेल आणि तुझं काम लवकर होईल.

कागद सगळा वाचला नाही, हे कबूल करतो. तुमच्या सेक्रेटरीचं मराठी दुसऱ्या परिच्छेदापर्यंत सोसलं. सणाचा दिवस, पुढे जाववेना. आपण मित्र आहोत आणि जबाबदारी तुझी आहे, एवढं मला पुरे.

वहिनींना विचारलंस ना? चाळीस हात कागदावर माझे असले तरी कंबर त्यांची मोडते. तू नऊ वर्षांचा असताना त्या तुमच्या घरात आल्या. तुझ्या उवा काढण्यापासून तुझ्या पहिल्या ट्रकची पूजा करण्यापर्यंत सगळं त्यांनी केलंय. त्यांचा होकार माझ्या सहीच्या वर धर.

आणि शर्यत घड्याळाशी आहे हे वाचून बरं वाटलं. निदान तो प्रतिस्पर्धी दारू पिऊन येणार नाही.

देवदत्त

---

जासई,
२४ मे

प्रिय देवा,

दुसरा आलो. आमच्या गटात दुसरा, पहिल्यापेक्षा चार दशांश सेकंद मागे. डोळ्याची पापणी लवते तेवढं. सगळा गाव बांधावर बसलेला. म्हातारी माणसंसुद्धा टाळ्या वाजवत होती. आपली खार एवढी माणसांनी कधी बघितली नव्हती.

शेवटच्या फेरीत गाडी उसळून पुढचा अॅक्सल गेला. विमा शर्यतीला चालत नाही, तेव्हा ते पदरचं. बरगड्यांना मार आहे, शिंक आली की तुझी आठवण येते. पण मजा आली.

बांधाचं काम केलं. पौर्णिमेचं उधाण २३ ला होतं, म्हणून २१ लाच जेसीबी लावला. दोन डंपर मुरूम टाकला, डंपरनेच दाबला, तासाभरात बांध होता तसा. उधाण येऊन गेलं, थेंब आत आला नाही. वहिनीला सांगितलं होतं, तिचं काय म्हणणं नव्हतं.

आता मोठं काम. २२ आणि २३ जूनला कोइमतूरच्या ट्रॅकवर उतरतोय. डांबरी ट्रॅक, एका वेळी पंधरा गाड्या. तिथली गाडी भाड्याने घेतोय, काळजी करू नकोस. बावन्नचा मी एकटाच असणार, बाकी सगळे तिशीच्या आतले.

जीवन

---

श्रीवर्धन,
३१ मे

प्रिय जीवन,

अभिनंदन. पापणी लवण्याच्या अवधीला आमच्याकडे निमिष म्हणतात. देवांचे डोळे लवत नाहीत अशी समजूत आहे, म्हणून त्यांना शर्यतीची आवड नसावी. बरगड्यांना शेक दे.

आता चेष्टा बाजूला ठेवतो. परवा वहिनींचा फोन आला. त्या मला फोन करत नाहीत, हे तुला ठाऊक आहे. त्यांचं म्हणणं जसंच्या तसं लिहितो.

“मास्तर, मुरूम पानी धरत न्हाय. जीवनला म्या सांगितला व्हता. तो बोलला, व्हय व्हय, आन् गेला.”

म्हणजे त्यांचं म्हणणं होतं.

पुढे त्यांनी मला समजावून सांगितलं, मी शाळेत मुलांना सांगतो त्याहून सोपं करून. बांध खाडीच्या चिकण चिखलाचा असतो. ओहोटीला खाडीत उतरून तो काढायचा, त्यात पेंढा घालायचा, थरावर थर देऊन पायांनी तुडवायचा. जुन्या चिखलाला नवा चिखल धरतो. मुरूम धरत नाही. दोहोंच्या मधल्या फटीतून पाणी वाट काढतं. मे महिन्यातलं उधाण तो रोखेल. पावसातलं, वाऱ्याचं उधाण नाही. आतमध्ये रोपं टाकायला सुरुवात होईल तेव्हाच ते येणार.

त्यांचा हिशेब असा: वटपौर्णिमेच्या आधीचा भांग १४ जूनच्या सुमारास आहे. त्या दोन ओहोट्यांत बारा माणसं लागली तर मुरूम काढून चिखल भरता येईल. पण माणसं बोलावणार कोण? तुमच्या गावचा रिवाज तूच मला एकदा सांगितला होतास: बांधाला ज्याने हात लावला, त्याने दारोदार जाऊन हाक द्यायची. त्याच्या हाकेला प्रत्येक घरातून एक माणूस निघतो. दुसऱ्याच्या हाकेला निघत नाही, मजुरी दिली तरी निघत नाही. वहिनींनी दोन घरी जाऊन पाहिलं. दोन्हीकडे एकच उत्तर मिळालं: जीवन येऊ दे.

तेव्हा ये. दोन दिवसांचं काम आहे. मीही येतो, चिखल तुडवायला व्याकरण लागत नाही.

देवदत्त

---

जासई,
८ जून

प्रिय देवा,

तुला वहिनीने घाबरवलं. तिला प्रत्येक पावसाळ्यात बांध फुटताना दिसतो.

१४ आणि १५ ला माझं कोइमतूरला ट्रेनिंग आहे. ते केल्याशिवाय वरच्या दर्जाचं लायसन मिळत नाही. लायसन नाही तर २२ ला गाडीत बसू देत नाहीत. आणि एन्ट्रीची फी भरलेली आहे, ती परत मिळत नाही. टायरचे दोन सेट, मेकॅनिक, हॉटेल, सगळं बुक. आता मागे फिरलो तर ते सगळं पाण्यात. तूच सांग, काय करू?

पेणहून सहा मजूर पाठवतो. मुरमावर जाड प्लास्टिक अंथरून वर वाळूच्या गोण्या रचतील. एक पावसाळा निघेल. जानेवारीत मी स्वतः उभा राहून चिखलाचा बांध घालून देतो, हाक देतो, सगळ्यांना मटणाचं जेवण देतो. लेखी देतोय बघ.

वहिनीला सांग, टेन्शन नको घेऊ.

जीवन

---

कोपरखार,
२४ जून

जीवन,

हे पत्र वहिनींच्या पडवीत बसून लिहितो आहे. बंदराच्या रस्त्याने जाणाऱ्या तुझ्या एखाद्या ड्रायव्हरच्या हाती देईन, म्हणजे टपालापेक्षा लवकर पोचेल.

शनिवारी, २२ तारखेला, दुपारी बाराच्या भरतीला बांध फुटला. पाऊस होता, वारा खाडीकडून होता. आधी प्लास्टिक फुगलं, असं वहिनी सांगतात. गाईच्या पोटासारखं फुगलं, मग कडेने एक धार आली, आणि त्यांनी ओरडून माणसं जमवीपर्यंत बांधातली बारा हातांची खांड पंचवीस हातांची झाली होती. दोन तास खाडी आत येत राहिली. साठ एकरांतली रोपं गेली. ही गोष्ट फक्त यंदाची नाही. जमिनीतलं मीठ धुऊन निघायला दोन-तीन पावसाळे लागतील, असं सगळे सांगतात. एकतीस घरांचं भात आहे ते.

मला वल्लरीने रविवारी पहाटेच्या गाडीत बसवलं. म्हसळ्याला गाडी बदलून मी दुपारी इथे पोचलो. मी आयुष्यात पहिल्यांदा माझा चाळीस हात बांध पाहिला, आणि तो नव्हता.

संध्याकाळी देवळात गावकी बसली. गावकीचा कारभार लिहिणाऱ्या मितेशने तुला फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असा ठेवला. मागे इंजिनांचा आवाज होता. तू काय बोललास ते तुला आठवत असेलच, तरी लिहून ठेवतो.

“गाड्यांचा उतार देवदत्तच्या वाट्यात होता. त्याची सही सगळ्यात वर आहे. कायद्याने काय ते बघा.”

कुणी माझ्याकडे पाहिलं नाही. ते फार कठीण गेलं. मितेशने कागद काढला. माझं ‘सम्मतम्’ वर होतं. त्याखाली मी न वाचलेल्या परिच्छेदात स्वच्छ लिहिलेलं होतं की उताराची आणि त्यानंतरच्या दुरुस्तीची जबाबदारी संबंधित खातेदाराची राहील. संबंधित खातेदार म्हणजे मी. तुझं नाव त्या परिच्छेदात कुठेच नाही.

खांड पुढच्या भांगात, २८ तारखेपासून, भरायची ठरली. पावसात खाडीतला चिखल काढता येत नाही. चिकण माती जवळच्या शेतातून खणावी लागते. आणि ती कुणाच्या शेतातली, याचा रिवाज इथे ठरलेला आहे: ज्याच्या वाट्याचा बांध फुटला त्याच्या. मी म्हटलं, खणा. मग मला कळलं की मी काय देऊ करतो आहे. माझा दीड एकर कंबरभर खणला की तिथे तळं होईल, पुन्हा भात होणार नाही. मला शाळेचा पगार आहे. वहिनींना तो दीड एकरच आहे. तुझ्या भावाचा वाटा त्याच्या आजारपणात गेला, हे तुला मी काय सांगू.

एका म्हाताऱ्याने वाट काढली. जमीन कसणाऱ्याच्या भावकीतला कुणी आपणहून आपली जमीन पुढे करत असेल तर रिवाजाला चालतं. सगळ्यांना एकदम हुशारी आली. लागून तुझे तीन एकर आहेत, तू बावीस ट्रेलरचा मालक, तुला भाताची गरज नाही. मितेशने खात्री करायला फोनवर सातबारा काढला. तो वाचला आणि फोन माझ्या हातात दिला.

जानेवारीत विकलेस. गोदामाच्या कंपनीला.

आमच्या तर्कशास्त्रात एक उदाहरण शेकडो वर्षं शिकवतात, आणि त्यातला माणूस नेमका माझ्या नावाचा असतो. देवदत्त लठ्ठ आहे. देवदत्त दिवसा जेवत नाही. त्याअर्थी तो रात्री जेवत असला पाहिजे. पंचवीस वर्षं मी हे फळ्यावर लिहितोय. जीवन दक्षिणेत गाडी पळवतो. ट्रेलर एकही विकलेला नाही. आणि बंदराचा रस्ता त्याच्या वाट्यालाही लागून जात असताना तो बांध माझ्या वाट्यात कापतो. स्वतःच्या वाट्याला हात लावायची परवानगी त्याला नव्या मालकाने दिली नसती, म्हणून. सगळं पत्रांतून समोर होतं. मी ताडलं नाही, कारण मला तुझी चेष्टा करण्यात गोडी होती.

गाडीही भाड्याची नसेल.

घरी आल्यावर वहिनींनी मला विचारलं, जानेवारीत तो जेवायला आला होता, वालाचं बिरडं केलं होतं, तेव्हा विकून आला होता की विकायला चालला होता?

२८ ला ये. जमीन देता येणार नाही, पण हाक देता येईल. उभं राहता येईल.

देवदत्त

---

जासई,
२७ जून

देवा,

गाडी भाड्याची नाही. विकत घेतली. झालं?

तीन एकर माझे होते. माझ्या नावावर. कुणाला विचारायला पाहिजे होतं? तीस वर्षांत मी त्या खारीतला एक दाणा खाल्ला नाही. भात करणं परवडत नाही हे गावात प्रत्येक माणूस बोलतो, विकलं की मात्र सगळे देवळात बसतात. आज ना उद्या सगळेच विकतील, बघशील.

मी येत नाही. तिथे उभा राहून काय करू? शिव्या खाऊ? माझ्याच्याने त्या माणसांच्या तोंडाकडे बघवणार नाही. फोनवर जे बोललो ते चुकलं. हेल्मेट घालून उभा होतो, पाच मिनिटांत गाड्या लागणार होत्या, तोंडात आलं ते बोललो. पण एक सांगू? तूही वाचलं नव्हतंस. तू न वाचता सही केलीस, तीस वर्षं न बघता तांदूळ खाल्लास. मी बांध कापला. आपण दोघांनीही त्या बांधाकडे कधी बघितलं नाही, फक्त मला गाडी चालवायची हौस होती एवढाच फरक. तू साधा आणि मी बदमाश, असं तू पत्रात लिहितोस. चांगलं लिहितोस, पहिल्यापासून.

तिसरा आलो. कुणाला सांगणार? ऑफिसात सांगितलं, त्यांनी पेढे मागितले.

ड्रायव्हरबरोबर सहा मजूर आणि वहिनीच्या नावाने चेक पाठवतोय. दीड एकराची आजच्या भावाने जी किंमत होते तिच्या दुप्पट आहे. कमी वाटली तर कळव. याच्यापेक्षा जास्त माणसाने काय करायचं असतं ते मला खरंच समजत नाही.

जीवन

---

कोपरखार,
२ जुलै

जीवन,

तू म्हणतोस त्यात एक गोष्ट खरी आहे, आणि ती मी आधी मान्य करतो. मी बांधाकडे पाहिलं नव्हतं. मला तांदूळ पोचत होता आणि मला वाटायचं, हे नातं आहे.

खांड बुजली. तीन दिवस, दोन-दोन ओहोट्या. काम सुरू व्हायच्या आधी मितेश बांधावर उभा राहून घरांची नावं पुकारतो. ज्याचं नाव येईल त्या घरातला माणूस ‘हाय’ म्हणून रांगेत येतो. एकतीस घरं. हाक कुणी द्यायची यावर सकाळी बराच घोळ झाला, कारण बांध कापणारा आलेला नव्हता. शेवटी मला द्यायला लावली. तुझं सोडून मी तीस दारांत गेलो. संस्कृतच्या मास्तराला चिखल तुडवायला माणसं बोलावताना पाहून पोरंसोरं हसली असती, पण कुणी हसलं नाही. प्रत्येक घरातून माणूस निघाला. ज्यांची रोपं गेली तेच सगळे.

तुझ्या घराचं नाव सत्ताविसावं होतं. मितेशने पुकारलं. थांबला. पुन्हा पुकारलं. तुझे सहा मजूर बाजूला फावडी घेऊन उभे होते, त्यांतला एक पुढे व्हायला लागला, त्याला कुणीतरी हाताने थांबवलं. मितेशने पुढचं नाव घेतलं. संध्याकाळी वहीत त्या ओळीवर रेघ मारली गेली. माझ्यासमोर मारली. कुणी रागाने बोललं नाही, कुणी तुझं नावही काढलं नाही. पुढच्या वर्षी तीस नावं पुकारतील. तुझ्या वाट्याचा बांध आता कंपनीचा, आणि कंपनी ‘हाय’ म्हणायला येणार नाही, तेव्हा तोही या तीस घरांच्या अंगावर पडला.

वहिनी पहिल्या दिवशी स्वतः शेतात उतरल्या आणि कुठून खणायचं ते दाखवलं. चांगली माती कोणत्या कोपऱ्यात आहे हे त्यांच्याशिवाय कुणाला माहीत नव्हतं. खणणाऱ्या पोरांनी कडेकडेने, जपून खणायला सुरुवात केली, तर त्यांनीच सांगितलं की मधली काढा, मधली चिकण आहे. घमेली हातोहात बांधावर जात होती. मी रांगेत अकरावा होतो. तिसऱ्या दिवशी दुपारी शेवटचा थर तुडवून झाला तेव्हा दीड एकरात पाणी साठलं होतं आणि त्यात बदकं आली होती. त्या काठावर उभ्या राहून पाहत होत्या. मी जवळ गेलो. त्यांनी फक्त एवढं विचारलं की याच्यात गोडे मासे होतील का.

तुझा चेक सोबत परत आहे. मी परत करतो आहे असं समजू नकोस. माझा तो अधिकार नाही. मी त्यांना आकडा वाचून दाखवला. त्यांनी तो दोनदा वाचायला लावला, कारण एवढी रक्कम त्यांनी ऐकलेली नव्हती. मग चेक घडी करून तुझ्या ड्रायव्हरला दिला, त्याला जेवायला वाढलं, सहा मजुरांनाही वाढलं. ड्रायव्हर चेक घ्यायला घाबरत होता, म्हणून मी पाकिटात घालतो आहे.

मी उद्या सकाळच्या गाडीने जातो. शाळेला आठ दिवस दांडी झाली. आता वहिनी काय खातील हा प्रश्न माझ्यापुढे आहे, आणि तो पत्रात सुटण्यासारखा नाही. श्रीवर्धनला चला म्हटलं तर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी विषय सोडला.

मघाशी त्या मागच्या दारी पाय धूत होत्या. घोट्यापर्यंतचा चिखल निघत नव्हता, नारळाच्या काथ्याने घासत होत्या. मी विचारलं, जीवनला लिहितोय, तुमचं काही लिहू का? त्यांनी दुसऱ्या पायावर पाणी ओतलं.

“लिवा,” मग म्हणाल्या, “जेवाला येत जा म्हनाव. बांधाव नको येऊ.”

देवदत्त